कोंबड्या, ससे आणि शाळेचा दरवाजा

एका पिंजऱ्यात काही कोंबड्या आहेत आणि काही ससे. डोकी मोजली तर ३५ भरतात, पाय मोजले तर ९४. कोंबड्या किती आणि ससे किती?

हे गणित एका प्राचीन चिनी ग्रंथातले आहे. त्याला दीड हजार वर्षे तरी नक्कीच झाली असावीत. आपल्या आठवी-नववीच्या मुलाला ते दिले, तर तो क्ष आणि य मांडून दोन समीकरणे सोडवील आणि मोकळा होईल. गंमत आहे ती पाचवीच्या मुलाला दिल्यावर. त्याच्याजवळ बीजगणित नसते. तो आधी अंदाजाने आकडे घालून पाहतो, चुकतो, वहीत कोंबड्यांची चित्रे काढू लागतो. मग एखाद्या मुलीला सुचते की, सगळ्या कोंबड्यांना एका पायावर उभे राहायला सांगावे आणि सगळ्या सशांना मागच्या दोन पायांवर. आता जमिनीवर पाय राहिले निम्मे, म्हणजे ४७. प्रत्येक कोंबडीला एक डोके, एक पाय; प्रत्येक सशाला एक डोके, दोन पाय. तेव्हा डोक्यांपेक्षा पाय जितके जास्त, तितके ससे. ४७ वजा ३५, म्हणजे १२ ससे आणि उरलेल्या २३ कोंबड्या. हे ज्या क्षणी सुचते त्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्यासाठीच आम्ही शाळांमधून गणिते घालत हिंडतो.

चीनमधील मोठ्या शहरांत हेच गणित आणि त्याची भावंडे सुमारे दोन दशके माध्यमिक शाळेच्या दरवाजाची किल्ली होऊन बसली होती. ही किल्ली कशी घडली आणि पुढे तिचे काय झाले, हा प्रकार शिक्षकांनी समजून घेण्यासारखा आहे. त्यावरून आम्हांला आमच्या स्वतःच्या एका चुकीचीही ओळख पटली. तिच्याकडे शेवटी येऊ.

चीनमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची आणि कनिष्ठ माध्यमिक तीन वर्षांची. ही नऊ वर्षे १९८६ च्या कायद्याने सक्तीची झाली. बाराव्या वर्षाच्या सुमारास मूल प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाते. पूर्वी या टप्प्यावर परीक्षा असे. कोवळ्या वयात परीक्षेचा ताण नको, म्हणून १९९० च्या दशकात शहराशहरांतून ती बंद होत गेली. मुलाने घराजवळच्या शाळेत, परीक्षेविना जावे, असे ठरले. २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून हे तत्त्व पुन्हा पक्के केले गेले आणि निवडक शाळा व सामान्य शाळा असा भेद करण्यासही मनाई झाली.

हेतू उत्तम होता. परंतु परीक्षा गेली तरी शाळांमधला फरक गेला नाही. कित्येक वर्षे सरकारनेच काही शाळांना निवडक ठरवून त्यांना चांगले शिक्षक, इमारती आणि पैसा दिला होता. कागदावरून 'निवडक' हा शब्द खोडल्याने त्या शाळा इतरांसारख्या होत नाहीत. पालकांना कोणती शाळा कशी आहे हे पक्के ठाऊक होते, आणि शाळांनाही हुशार मुले हवीच होती. उघड परीक्षा घेता येत नाही, मग मुलांची पारख कशी करायची? उत्तर तयारच होते: गणित स्पर्धा.

यातला विरोधाभास मोठा आहे. हुआ लुओगंग हे विसाव्या शतकातले थोर चिनी गणिती. त्यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये चीनच्या चार शहरांत शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धा सुरू झाल्या. १९८५ मध्ये ते वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने मुलांसाठी सुवर्णचषक स्पर्धा निघाली. स्वतः हुआ यांच्याजवळ कनिष्ठ माध्यमिक शाळेच्या प्रमाणपत्राखेरीज कोणतीही पदवी नव्हती. वडिलांच्या छोट्या दुकानात बसून त्यांनी गणित केले आणि त्यांचा एक लेख वाचून बीजिंगच्या छिंगह्वा विद्यापीठाने त्यांना बोलावून घेतले. अशा माणसाच्या नावाची स्पर्धा अकरा-बारा वर्षांच्या मुलांसाठी प्रवेशाचा दाखला ठरावी!

शाळा उघडपणे तसे म्हणत नसत. पण चषकातले बक्षीस, केम्ब्रिजच्या इंग्रजी परीक्षेचे प्रमाणपत्र, पियानोच्या परीक्षेची श्रेणी, असे सारे जोडून केलेली मुलाची फाईल पालक शाळेकडे पोहोचवीत. क्रीडा, कला किंवा विज्ञान यांत विशेष गुण असलेल्या मुलांसाठी तर काही जागा अधिकृतपणेच राखलेल्या असत. त्यामुळे मुलाने कोणते वाद्य शिकावे याचा निर्णयही त्याच्या कानाने न होता शाळेच्या वाद्यवृंदात कोणती खुर्ची रिकामी आहे यावरून होऊ लागला. बीजिंगमध्ये आणखी एक प्रकार निघाला. नामांकित माध्यमिक शाळांशी लागेबांधे असलेले शिकवणी वर्ग. मुलाला तिसरी-चौथीपासून तेथे घालायचे, दर काही महिन्यांनी परीक्षा द्यायच्या आणि वरच्या मुलांना शाळेने उचलावे म्हणून वाट पाहायची. लोकांनी या वर्गांना नाव दिले 'जानखंग बान', म्हणजे खड्डा अडवून बसण्याचा वर्ग. आपण एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतो, तसे. फरक इतकाच की, येथे रुमालाच्या जागी मूल असते.

आमच्या प्रयोगशाळेत काही काळ एक चिनी सहकारी होते. त्यांची मुलगी अशा वर्गाला जाई. ते सांगत, "तिला कोंबड्या-सशांचे गणित पहिल्यांदा मी घरी घातले, तेव्हा ती खूप हसली होती. वर्गात गेल्यावर तिला कळले की, हा 'प्रकार क्रमांक अमुक' आहे. मग झाडे लावण्याचा प्रकार, वयांचा प्रकार, प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या होडीचा प्रकार. प्रश्न वाचायचा, प्रकार ओळखायचा, सूत्र घालायचे." मुलीला हवी ती शाळा मिळाली. त्यानंतर तिने घरात पुन्हा कोडे म्हणून मागितले नाही, हे सांगताना ते जरा थांबले होते.

येथे आम्ही मोजमापाचा धंदा करणारी माणसे म्हणून दोन शब्द बोलू इच्छितो. कोंबड्या-सशांचे गणित मुलाची विचारशक्ती मोजते का? मोजते, पण ते त्याला नवे असेल तरच. शंभर वेळा केलेले गणित विचारशक्ती मोजत नाही. ते शिकवणीचे तास मोजते, आणि पर्यायाने पालकांचा खिसा मोजते. शाळा चुकवू पाहणारे पोर थर्मामीटर गरम चहाच्या कपात बुडवून आईपुढे धरते. थर्मामीटर खोटे बोलत नाही, त्याने चहाचे तापमान बरोबर सांगितलेले असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात हीच गोष्ट समाजातल्या सगळ्याच मोजमापांना लावून दाखवली. एखाद्या आकड्यावर जितके निर्णय अवलंबून ठेवाल, तितका तो आकडा बिघडेल आणि ज्याचे मोजमाप करायचे तेही बिघडेल.

दुसरा मुद्दा वयाचा. एकाच इयत्तेतल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान मुलात जवळजवळ एका वर्षाचे अंतर असते. दहाव्या वर्षी हे अंतर आयुष्याचा एक दशांश भाग आहे. अठराव्या वर्षी त्याचे फारसे काही वाटत नाही. चौथीत मात्र एक मूल भागाकार आत्मसात करून बसलेले असते आणि दुसरे अजून बोटे मोजत असते. या वयात घेतलेली चाळणी पुष्कळदा जन्माचा महिना निवडते आणि आपण त्याला प्रतिभा म्हणतो.

मात्र चिनी पालकांना वेड्यात काढणे सोपे आणि अन्यायाचे आहे. या स्पर्धांच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे आणि ते प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. त्या काळी चांगल्या शाळेत शिरण्याचे दुसरे मार्ग कोणते होते? मोठी देणगी, बड्या अधिकाऱ्याची चिठ्ठी, किंवा शाळेला मदत देणाऱ्या एखाद्या संस्थेत आईबापांची नोकरी. ज्याच्याजवळ यांतले काहीच नाही, अशा कारकुनाच्या मुलाला स्पर्धा हाच त्यातल्या त्यात स्वच्छ मार्ग वाटला तर नवल नाही. निदान पेपर मुलाने स्वतः सोडवलेला असे. शिवाय स्पर्धा मुळात वाईट नव्हेत. मरियम मिर्झाखानी यांनी १९९४ आणि १९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदके मिळवली आणि २०१४ मध्ये त्यांना फील्ड्स पदक मिळाले. ज्याला आवड आहे त्याने स्पर्धेत उतरावे, यात गैर काय? स्पर्धा बिघडते ती सगळ्यांना तिच्यात उतरावे लागते तेव्हा.

चिनी सरकारने बंदीचे हुकूम पुनःपुन्हा काढले. छंग्दू शहराने २००९ मध्ये स्पर्धा आणि प्रवेश यांची सांगड तोडण्याचा कडक आदेश दिला. इतर शहरांनीही तसेच केले. वर्ग नाव बदलून चालू राहिले. खरा घाव बसला २०१८ मध्ये. विशेष गुणांच्या जागा कमी करत करत २०२० पर्यंत पूर्ण बंद करण्यास सांगण्यात आले. स्पर्धांना परवानगीची अट लागली, मुलांकडून शुल्क घेण्यास आणि निकाल प्रवेशासाठी वापरण्यास मनाई झाली. हुआ यांच्या नावाची स्पर्धाही त्याच वर्षी थांबली. २०२० पासून, अर्ज जागांपेक्षा जास्त असतील तर खाजगी शाळांनाही संगणकावर सोडत काढणे भाग पडले. जुलै २०२१ मध्ये तर सक्तीच्या शिक्षणातील विषयांच्या शिकवण्या नफ्यासाठी चालवण्यावर बंदी आली आणि शनिवार-रविवारचे व सुट्टीतले वर्गही बंद झाले.

मग पालक कोठे गेले? घरे पाहायला. प्रवेश घराच्या पत्त्यावर ठरणार असेल, तर चांगल्या शाळेच्या हद्दीतली जुनाट, दोन खोल्यांची जागाही सोन्याच्या भावाने विकली जाते. हा बाजार नवा नव्हता. पण स्पर्धेची वाट बुजल्यावर पत्त्याचे महत्त्व वाढणारच. म्हणून बीजिंगच्या शीछंग भागात ३१ जुलै २०२० नंतर घेतलेल्या घराला एकच ठरलेली शाळा मिळणार नाही, परिसरातल्या अनेक शाळांपैकी कोणतीही मिळेल, असा नियम करावा लागला. पाण्याला एकीकडे बांध घातला की ते दुसरीकडून वाट काढते. उंचसखल जमीन आहे तोवर ते वाहणारच. आमच्या मते या साऱ्या हुकुमांपैकी जमिनीला हात घालणारा प्रयत्न एकच होता: मुख्याध्यापक आणि शिक्षक यांची शाळाशाळांतून अदलाबदल. बीजिंगने २०२१ मध्ये ती मोठ्या प्रमाणावर करण्याचे जाहीर केले. त्याला वेळ लागेल, आणि शिक्षकांची गैरसोय होईल ती वेगळीच. पण चांगला शिक्षक हलला तर पालकाला हलण्याचे कारण उरत नाही.

आपल्याकडे परिस्थिती वेगळी आहे. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतली मुले परीक्षा देतात; पण ती उघडउघड प्रवेशपरीक्षा आहे, स्पर्धेचा मुखवटा तिने घातलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाला किंवा पालकाला चाळणी लावण्यास बंदी केली आहे आणि त्या कायद्याखालच्या पंचवीस टक्के जागांची सोडत आपल्या वाचकांना चांगली परिचयाची आहे. तेव्हा चीनमधले ते सगळे आपल्याला काय होय, असे वाटू शकते. आम्हांलाही वाटत होते.

आम्ही आणि काही मित्र मिळून आमच्या तालुक्यात काही वर्षे सातवीच्या मुलांसाठी एक छोटी विज्ञान-गणित स्पर्धा घेत आलो आहोत. पहिल्या वर्षी आम्ही मुलांना दोरी आणि एक दगड दिला आणि घड्याळाशिवाय त्यांनी एक मिनिट मोजून दाखवावे असे सांगितले. मुलांनी केलेले घोटाळे आणि काढलेल्या युक्त्या आम्हांला अजून आठवतात. तिसऱ्या वर्षी एका मुलाने प्रश्न पुरता वाचण्याआधीच एक मीटर दोरी मापली आणि "एक झोका दोन सेकंद, तीस झोके" असे लिहून दिले. उत्तर बरोबर होते. आम्ही विचारले, "एक मीटरच का?" तो म्हणाला, "सरांनी सांगितलंय." मागचे प्रश्न कोणीतरी छापून घेतले होते. चौकशी करता कळले की, एका शाळेत आठवीची अ तुकडी करताना आमच्या प्रमाणपत्राला गुण दिले जात होते. त्या शाळेतली मुले आमच्याकडे का वाढली, हे कोडे तेव्हा सुटले. आम्ही तोवर त्याला विज्ञानाची वाढती आवड समजत होतो!

आता आम्ही क्रमांक काढत नाही आणि प्रमाणपत्रही देत नाही. मुले तिघातिघांच्या गटाने बसतात, प्रश्न घरी नेले तरी चालतात. पहिल्याच वर्षी येणारी मुले निम्म्याहून कमी झाली. त्या शाळेचे मुख्याध्यापक भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, "तुमचं पटतं हो, पण मला एकशेवीस मुलांच्या दोन तुकड्या करायच्या असतात, आणि प्रत्येक पालक विचारतो की माझं मूल ब मध्ये का." आम्ही त्यांना विचारले की, दोन्ही तुकड्यांना गणित एकच शिक्षक शिकवतात का. ते म्हणाले, नाही, अ ला आमचे जुने सर आहेत. ब ला दरवर्षी कोणी नवीन येते.