नेतृत्वशैली आणि कामगिरी : हॉथॉर्नचा दाखला देण्याआधी जरा थांबा



"नेतृत्वशैली व कार्यस्थळाच्या परिस्थितीचा कर्मचाऱ्यांच्या कामगिरीवर होणारा परिणाम." सिनॉप्सिस लिहायला बसलात की हे शीर्षक कुठून तरी समोर येतंच. माझंही जवळपास हेच होतं, क्षेत्र नागापूर एमआयडीसी. प्रायोगिक चाचणीसाठी एका कारखान्यात ४० प्रश्नावल्या सुपरवायझरमार्फत वाटल्या. दोन दिवसांत सगळ्या भरून परत आल्या आणि बहुतेकांवर एकच उत्तर होतं, "सहमत". मी खूश! नंतर गेटबाहेर चहाच्या टपरीवर एक कामगार म्हणाला, "सर, नाव लिहायचं नव्हतं हे खरं, पण कागद साहेबांनीच गोळा केले ना. मग दुसरं काय लिहिणार?"

चूक माझीच होती. ती नेमकी कुठे झाली, हे समजून घेण्यासाठी आपण सगळे ज्याचा दाखला देतो, त्या हॉथॉर्नकडे परत जाऊ.

हॉथॉर्नमध्ये नेमकं काय झालं?

शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ मध्ये प्रकाशयोजनेवर प्रयोग सुरू झाले. पुढे १९२७ पासून रिले जोडणाऱ्या पाच मुलींच्या छोट्या गटाचा अभ्यास झाला. विश्रांतीच्या वेळा, कामाचे तास बदलत गेले आणि उत्पादन वाढलं. आपल्या पाठ्यपुस्तकातला निष्कर्ष असा : लक्ष दिलं, आपुलकीनं वागवलं की माणूस जास्त काम करतो.

पण याच खोलीत आणखी दोन गोष्टी घडल्या होत्या. या मुलींचा मोबदला त्यांच्या लहान गटाच्या उत्पादनाशी जोडला गेला. आणि १९२८ च्या जानेवारीत दोघींना काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. अ‍ॅलेक्स केरी यांनी १९६७ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं : वाढ आपुलकीची, पैशाची की माणसं बदलल्याची? एका वेळी इतकं सगळं बदललं तर श्रेय कुणाला देणार?

आपल्या प्रबंधांच्या "संबंधित साहित्याचा आढावा" या प्रकरणात मात्र ही टीका क्वचितच येते. हॉथॉर्न एका परिच्छेदात उरकतं आणि गाडी थेट गृहीतकांवर.

आपल्या पद्धतीतली खोट

पहिली खोट : एकाच माणसाला एकाच बैठकीत "तुमचे साहेब कसे आहेत?" आणि "तुमचं काम कसं आहे?" असं विचारायचं, आणि मग दोन्हींत सहसंबंध आला म्हणून आनंद मानायचा. याला कॉमन मेथड बायस म्हणतात. त्या दिवशी माणसाचा मूड चांगला असेल तर दोन्ही आकडे वर जातात.

दुसरी : "साहेब" म्हणजे नक्की कोण? कंत्राटी कामगाराला काम सांगतो शिफ्टचा सुपरवायझर, पण पगार आणि हजेरी ठेकेदाराच्या हातात. तुमच्या प्रश्नावलीत ठेकेदाराला जागा आहे का?

तिसरी : कामाच्या जागेची परिस्थिती आपण मतं विचारून मोजतो. नगरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये किती तापतं, हे पाच पर्यायांत मावत नाही. त्याला थर्मामीटर लागतो.

मग चांगलं संशोधन कसं असतं?

दोन उदाहरणं वाचाच. बेंगळुरूजवळच्या कपड्यांच्या कारखान्यांत वीज वाचवायला एलईडी दिवे लावले गेले. अध्वर्यू, काला आणि न्यषधाम या अभ्यासकांना दिसलं, की या दिव्यांची उष्णता कमी असल्याने गरम दिवसांत घटणारी उत्पादकता बरीच सावरली. हॉथॉर्नमध्येही दिवेच होते, पण इथे रोजचं तापमान आणि रोजचं उत्पादन, दोन्ही मोजलेलं होतं.

दुसरं आपल्या जवळचं. तारापूर आणि उंबरगाव भागातल्या १७ कापड कंपन्यांच्या २८ कारखान्यांवर ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही कारखान्यांना व्यवस्थापनाचा सखोल सल्ला दिला, बाकीचे तुलनेसाठी ठेवले. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्के वाढली. मात्र लक्षात ठेवा, ही व्यवस्थापनाची पद्धत होती : नोंदी, साठा, देखभाल, दर्जा. "नेतृत्वशैली" नव्हे. दोन्ही एकच समजून दाखला दिलात तर व्हायवात पहिला प्रश्न तिथेच येईल.

मी काय बदललं

प्रश्नावली ठेवली, पण ती कारखान्याबाहेर, सुट्टीच्या दिवशी, मी स्वतः भरून घेतो. कामगिरीसाठी उत्पादन रजिस्टर, रिजेक्शन आणि हजेरीपट मागतो. तापमान स्वतः नोंदवतो. ठेकेदारावर वेगळे प्रश्न आहेत. नमुना ३०० वरून बराच खाली आला. गाईड आधी नाराज झाले, मग म्हणाले, "कमी आहे, पण खरं तरी आहे."

रजिस्टर मिळवणं अवघड आहे, मान्य. दोन ठिकाणांहून मला नकारही आला. पण तुमच्या प्रबंधाच्या शिफारशी वाचून उद्या कुणी सुपरवायझरांना प्रशिक्षण देईल आणि पत्र्याखालचा पंखा मात्र बंदच राहील, असं होऊ नये. सिनॉप्सिस जमा करण्याआधी एकदा टपरीवर जाऊन बसा. काय विचारायचं ते तिथे कळतं.