निवेदन, कबुली आणि क्षमेचा शब्द

१

मराठी आत्मपर लेखनाच्या चर्चेत ‘कबुली’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. आत्मचरित्रकाराने स्वतःचा एखादा दोष उघड केला की त्याच्या लेखनाला ‘कन्फेशनल’ म्हणावयाचे आणि त्या उघडेपणातच त्याचे मूल्य शोधावयाचे, अशी समीक्षेला सवय जडली आहे. ही सवय तपासावयाची, तर कन्फेशन हा जेथे लेखनप्रकार नसून संस्कार आहे, त्या धर्मपरंपरेकडे वळणे भाग पडते. सातारा-सांगलीकडील मराठीभाषक तरुण कॅथलिक हा या दृष्टीने विचारात घेण्याजोगा वाचक आहे. त्याचे प्रश्न तीन. पाप देवाजवळ बोलून भागत असेल, तर ते माणसापुढे का बोलावयाचे? बोलल्यावर क्षमा झाली, हे कशावरून? आणि क्षमा झाली तरी आपला उद्धार निश्चित झाला काय?

हे प्रश्न जगभरच्या कॅथलिक तरुणांचे आहेत. परंतु तो ते मराठीत विचारतो. आणि प्रश्न पूर्ण होण्याआधीच मराठीतील शब्द त्याला काही उत्तरे देऊन ठेवतात. आत्मदोषाचे उच्चारण मराठीत विपुल आहे. विरळ आहे तो ते ऐकून उत्तर देणारा मानवी आवाज. कॅथलिक पापनिवेदनाचे वेगळेपण उच्चारणात नसून या उत्तरात आहे. हा भेद नजरेआड झाला, की त्या तरुणाचे प्रश्नही कळत नाहीत आणि आत्मपर वाङ्मयाची चिकित्साही भरकटते.

२

प्रथम शब्द पाहावेत. ‘कबुली’ हा शब्द मराठी माणसाला चौकीची आणि कोर्टाची आठवण करून देतो. ‘कबुलीजबाब’ दिला जातो तो सत्तेपुढे, आणि त्याचा शेवट शिक्षेत होतो. कायद्यालाही अशा कबुलीचा भरवसा वाटत नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, हा १८७२च्या पुराव्याच्या कायद्यातील पंचविसाव्या कलमाचा नियम २०२३च्या भारतीय साक्ष अधिनियमातही कायम राहिला आहे. अशा शब्दाच्या छायेत वाढलेल्या तरुणाला धर्मगुरूपुढील निवेदन हा जबाब वाटला, तर नवल नाही.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाची अडचण निराळी आहे. धर्मशास्त्राला निवेदनाचे महत्त्व ठाऊक नव्हते असे नाही. पापाचे ‘ख्यापन’, म्हणजे ते उघडपणे सांगणे, आणि ‘अनुताप’ यांना मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात शुद्धीच्या साधनांत स्थान आहे. पाप्याने परिषदेपुढे जाऊन दोष सांगावा आणि परिषदेने प्रायश्चित्त नेमून द्यावे, ही पद्धतही सुविदित आहे. तथापि व्यवहारात या शब्दाला जातिबहिष्कार आणि पंक्तिव्यवहार यांचा अर्थ चिकटला. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून जे ग्रामण्य माजले, त्यात लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नाला तोंड द्यावे लागले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले, तेव्हा सुधारकांना बोचली ती त्यांची शरणागती. त्यांना पश्चात्ताप झाला आहे काय, हा प्रश्न कोणाच्या गावीही नव्हता. अंतःकरण न बदलता प्रायश्चित्त घेता येते, हा अर्थ त्या प्रकरणाने मराठी मनात पक्का केला. कॅथलिक धर्मशिक्षणात जेव्हा ‘प्रायश्चित्त संस्कार’ असा शब्दप्रयोग होतो, तेव्हा हा सारा इतिहास त्याच्यामागून येतो.

तिसरा शब्द ‘तारण’. मराठी बायबलाने तो उद्धार या अर्थाने रूढ केला. पण बाजारात आणि पतपेढीत तारण म्हणजे कर्जासाठी गहाण टाकलेली वस्तू. ‘तारण झाले’ या वाक्यात तरून जाण्याची क्रिया आहे, तशी हिशेब पुरा झाल्याची छटाही आहे. उलट ‘मुक्ती’ आणि ‘मोक्ष’ या शब्दांत जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका आहे, पण कोणाशी तुटलेले नाते पुन्हा जुळणे नाही. कॅथलिक विचारात पाप ही मुळात नात्याची मोडतोड आहे. नाते जुळल्याचा बोध होईल असा एकही शब्द या तिहींत नाही.

३

सातारा परिसराच्या वाङ्मयीन वारशात निवेदनाची दोन थोर रूपे आढळतात. एक सज्जनगडाचे. समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत अनुताप हा स्थायी सूर आहे. मनाची चंचलता, आयुष्य वाया गेल्याची खंत आणि आपले अपुरेपण ही तेथे रामापुढे मांडली जातात. परंतु दासबोधाच्या चौथ्या दशकातील नवव्या समासात जेव्हा ‘आत्मनिवेदन’ या भक्तीचे विवरण येते, तेव्हा निवेदन म्हणजे आपली कृत्ये सांगणे नव्हे, हे स्पष्ट होते. ‘मी कोण’ याचा शोध घेता घेता ‘मी’ उरतच नाही आणि भक्त देवापासून वेगळा राहत नाही, हे तेथील निवेदनाचे पर्यवसान आहे. पापनिवेदनाला नेमके याच्या उलट हवे असते. तेथे ‘मी’ला विरघळण्याची मुभा नाही. ‘हे मी केले’ या वाक्याचा कर्ता शेवटपर्यंत उभा राहावा लागतो, कारण क्षमा त्यालाच मिळावयाची असते.

दुसरे रूप रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात जागा होती. १९१९ साली टिळक वारले. अल्पायुषी ठरलेल्या त्या प्रयोगाचा अर्थ त्यांच्या अभंगांतून अधिक कळतो. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, ही टिळकांची भावना होती. तुकारामाचा पतित जसा थेट विठ्ठलाशी बोलतो, तसा टिळकांचा भक्त ख्रिस्ताला माउली म्हणून थेट हाक मारतो. मध्यस्थाला तेथे वावच नाही.

हा थेटपणा हे टिळकांच्या काव्याचे बळ होय. परंतु तो केवळ वारकरी वारशातून आलेला नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशनने आणि सांगली-मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने काम केले. १८९४ साली डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत उभारलेले रुग्णालय हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. या पंथांत धर्मगुरूपुढील पापनिवेदनाला संस्काराचे स्थान नाही. कृष्णाकाठची ख्रिस्ती मराठी, म्हणजे तेथील बायबल, उपासनागीते आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, मुख्यतः या प्रॉटेस्टंट वातावरणात घडली. कॅथलिक मराठीची केंद्रे दूर वसईकडे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ आणि त्यांनी दीर्घकाळ संपादिलेले ‘सुवार्ता’ मासिक तिकडचे. कृष्णाकाठच्या कॅथलिक तरुणाच्या वाट्याला म्हणून एक विचित्र स्थिती येते. त्याचे चर्च त्याला ज्या खोपटाकडे पाठविते, त्या खोपटाची गरज त्याच्या भाषेतील सर्वोत्तम ख्रिस्ती काव्याला कधी भासलीच नाही. ‘माणसापुढे का?’ हा प्रश्न त्याच्या मनात बंडखोरीने येत नाही. तो त्याला भाषेबरोबरच वारशाने मिळतो.

४

या प्रश्नाला कॅथलिक परंपरेचे उत्तर काय? प्रथम, देवाला माहिती हवी म्हणून हे निवेदन नाही. आरंभीच्या शतकांत गंभीर पापांसाठी जाहीर आणि बहुधा आयुष्यात एकदाच मिळणारे प्रायश्चित्त असे. खासगी आणि पुनःपुन्हा करता येणाऱ्या निवेदनाचा प्रसार सहाव्या-सातव्या शतकांपासून आयरिश मठवासीयांनी केला. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी निवेदन करणे बंधनकारक ठरविले आणि १५५१ मध्ये ट्रेंट परिषदेने संस्काराची अंगे निश्चित केली: पाप्याच्या बाजूने पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई, धर्मगुरूच्या बाजूने पापमुक्तीचे वचन. देवावरील प्रेमातून उपजलेला परिपूर्ण पश्चात्ताप संस्कारापूर्वीच देवाशी समेट घडवितो, मात्र त्यात संस्काराची इच्छा अंतर्भूत असते, असेही त्याच परिषदेने म्हटले. शिक्षेच्या भीतीतून आलेला अपुरा पश्चात्तापही तिने त्याज्य मानला नाही. तो संस्काराची वाट मोकळी करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे क्षमा झाली हे कशावरून याचे, उत्तर येथे दडलेले आहे. एकांतात क्षमा मागणाराच शेवटी ‘क्षमा मिळाली असावी’ असे ठरवितो; आरोपी आणि न्यायाधीश एकच होतो. हळवा मनुष्य अशा वेळी स्वतःला कधीच सोडीत नाही आणि निबर मनुष्य स्वतःला फार लवकर सोडतो. पापनिवेदनात क्षमेचा शब्द बाहेरून येतो, तो दुसऱ्याच्या तोंडचा असतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून नसतो. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या मुलाच्या दाखल्यात हेच रचनेतून व्यक्त झाले आहे. मुलाने परतताना म्हणावयाचे वाक्य मनाशी तयार केलेले असते. प्रत्यक्षात ते पुरे होत नाही. मजूर म्हणून ठेवून घेण्याची विनंती त्याच्या तोंडून निघण्याआधीच बाप झगा आणि अंगठी आणावयास सांगतो. निवेदन अपुरे राहते आणि उत्तर मात्र पुरे होते.

या उत्तराची मराठीतील कहाणी बोलकी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराणा’त उद्धाराची सारी कथा मराठी ओवीत आणली, परंतु धर्मगुरूच्या तोंडचे पापमुक्तीचे वचन पुढेही साडेतीन शतके लॅटिनच राहिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरच (१९६२–६५) हे विधी लोकभाषांत आले. पश्चात्ताप मराठीत आणि क्षमा परक्या भाषेत, अशी ही दीर्घ विभागणी होती. ज्या शब्दाला मराठीत येऊन जेमतेम दोन पिढ्या झाल्या, तो अजून साहित्यात मुरला नसेल तर ते समजण्यासारखे आहे.

५

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. मिशेल फूको यांनी १९७६ साली लैंगिकतेच्या इतिहासाच्या पहिल्या खंडात दाखविले, की कन्फेशन हे पाश्चात्त्य समाजात ‘सत्य’ निर्माण करण्याचे साधन बनले, आणि त्यात सत्ता बोलणाऱ्याकडे नसून ऐकणाऱ्याकडे असते. हा आक्षेप हवेतला नाही. निवेदनाच्या प्रसंगाचा गैरफायदा घेऊन दुराचारास प्रवृत्त करणाऱ्या धर्मगुरूसाठी चर्चच्या कायद्यात स्वतंत्र गुन्हा सांगितलेला आहे. म्हणजे ही भीती चर्चलाही ठाऊक आहे. मात्र फूकोंच्या मांडणीतील चौकशी करणारा ऐकलेल्याची नोंद ठेवतो, तिच्यापासून ज्ञान घडवितो. १९८३च्या धर्मसंहितेतील ९८३वा नियम धर्मगुरूला याची मनाई करतो. ऐकलेले त्याने कोणत्याही कारणाने उघड करावयाचे नाही. ज्या मर्यादेपर्यंत हे मौन पाळले जाते, त्या मर्यादेपर्यंत खोपट आणि चौकी यांत फरक राहतो. ते मोडले, की उरतो तो जबाबच.

या फरकाच्या कसोटीवर आत्मपर साहित्य पाहिले, की त्याचे स्वरूप स्पष्ट होते. सांगलीस जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ (१९५९) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांच्या प्रथमपुरुषी निवेदनांतून उभी राहते. ययाति आपली वासना आणि दुर्बलता लपवीत नाही. परंतु तो बोलतो ते वाचकाशी, आणि वाचक त्याला समजून घेऊ शकतो, दोष देऊ शकतो, क्षमा करू शकत नाही. कारण वाचकाचे ययातीने काही बिघडविलेले नाही आणि क्षमेचा अधिकारही कोणी वाचकाला दिलेला नाही. ऑगस्टिनने हा पेच ओळखला होता. म्हणून तो देवाशी बोलतो आणि माणसांना ते केवळ ऐकू देतो. रूसो मात्र वाचकांनाच न्यायासनावर बसवितो, आणि तेथून पुढे निवेदनाची जागा हळूहळू समर्थन घेऊ लागते. जेथे उत्तर येण्याची शक्यता नाही, तेथे बोलणारा आपले उत्तर आपणच लिहून ठेवतो. मराठी आत्मचरित्रांतील पुष्कळशा ‘प्रांजळ’ कबुल्या या प्रकारच्या आहेत. ‘स्मृतिचित्रां’चे मोठेपण येथे वेगळे उठून दिसते. लक्ष्मीबाई कोणाला न्यायासनावर बसवीत नाहीत. टिळकांचा तापटपणा, आपला हट्ट, भांडणे आणि समेट यांच्या हकिकतीत उत्तर देणारे दुसरे माणूस घरातच असते. संस्काराला न मानणाऱ्या परंपरेतील हे पुस्तक संस्काराच्या मर्माला अनेक ‘कबुल्यां’पेक्षा जवळचे आहे.

उरला तिसरा प्रश्न, उद्धाराचा. सातारा-सांगलीत तो केवळ स्वतःपुरता राहत नाही. वारीला जाणाऱ्या शेजाऱ्याचे आणि वर्गातल्या मित्राचे काय, हेही त्यात येते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयक घोषणापत्रात म्हटले, की स्वतःच्या दोषाशिवाय ज्यांना शुभवर्तमान कळले नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकाला अनुसरून जगतात, त्यांनाही उद्धार मिळू शकतो. १९९९ मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चांनी संयुक्त निवेदनात मान्य केले, की मनुष्य नीतिमान ठरतो तो कृपेने, आपल्या पुण्याईने नव्हे. तरीही स्वतःच्या अंतिम उद्धाराची खातरी हाती ठेवण्याची मुभा ट्रेंटने दिली नाही. तिने आशा ठेवण्यास सांगितले. ‘तारण’ शब्दातील हिशेब येथे अपुरा पडतो. हाती लागते ते केलेल्या आणि बोललेल्या पापाच्या क्षमेचे वचन, आणि पुन्हा पडल्यास पुन्हा येण्याची मोकळीक.

मराठी समीक्षेने यातून घ्यावयाचे ते एवढेच, की आत्मपर लेखनाला लेखकाने काय उघड केले हे विचारून थांबू नये. त्याला उत्तर कोण देऊ शकत होते, आणि ते उत्तर ऐकण्यास तो तयार होता काय, हे विचारावे. मौनाचे बंधन धर्मगुरूवर आहे, निवेदन करणाऱ्यावर नाही. क्षमा मिळाल्याचा अनुभव लिहिण्यास सातारा-सांगलीतील तरुणाला कोणताही नियम आड येत नाही. पाप केल्याचे मराठी साहित्य भरपूर आहे. क्षमा झाल्याचे फार थोडे, आणि ते लिहिण्याजोगी मराठी आता त्याच्या चर्चमध्ये बोलली जाऊ लागली आहे.