शिक्षेपूर्वीची १० सेकंदे

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाची चर्चा बहुधा सामाजिक दांभिकतेच्या अंगाने होते. त्याचे मर्म आम्हांस शिक्षेच्या प्रसंगात दिसते. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायासनच अखेरीस बेणारेचा गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते. तत्पूर्वी तिला बोलावयास १० सेकंदे मिळतात. तिचे दीर्घ स्वगत न्यायासनाच्या कानी पडतच नाही. दोष कृत्याचा ठरतो, शिक्षा मात्र माणसाला भोगावी लागते. म्हणूनच १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, दोष सिद्ध झाल्यावरही शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे ऐकण्याचे बंधन न्यायाधीशावर घातले; २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते कायम आहे. परंतु ऐकणे केवळ उपचार ठरले, तर कायद्याची संधी आणि काशीकरांची १० सेकंदे यांत अंतर ते काय उरले?