कोणतं देशभक्तिगीत सर्वांत जास्त भिडतं? एका यादीची चिकित्सा

‘वंदे मातरम् हे जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं लोकप्रिय गाणं आहे’ हे वाक्य तुम्ही १५ ऑगस्टच्या आसपास नक्की वाचलं असेल. आज हे वाक्य संशोधकाच्या नजरेने तपासून बघू. लोकसंगीत, माध्यमं किंवा समाजशास्त्रात सिनॉप्सिस लिहिणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

वाक्य खोटं नाही. २००२ मध्ये, सत्तरीच्या निमित्ताने, बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने जगभरच्या श्रोत्यांकडून आवडत्या गाण्यासाठी मतं मागवली. पहिलं आलं आयर्लंडचं ‘अ नेशन वन्स अगेन’, दुसरं ‘वंदे मातरम्’, तिसरं ‘दिल दिल पाकिस्तान’. पहिली तिन्ही गाणी देशाची! मग निष्कर्ष काढायचा मोह होणारच: माणसाला सगळ्यात जास्त भिडतं ते देशाचं गाणं.

जरा थांबा. आधी मतं कोणी दिली ते बघा. चौथ्या क्रमांकावर रजनीकांतच्या ‘दळपती’मधलं गाणं आहे, सातव्यावर नेपाळी गाणं, आणि पहिल्या दहांत एकही चिनी गाणं नाही. आयरिश गाण्यासाठी तर ई-मेलवरून रीतसर मोहीम चालली होती. म्हणजे हा नमुना संशोधकाने निवडलेला नाही, मतदारांनी स्वतःच स्वतःला निवडलंय. अशा यादीतून ‘जगाला काय आवडतं’ हे कळत नाही. कोणत्या गाण्यासाठी लोक एकमेकांना ‘मत दे रे’ असं सांगतात, ते मात्र कळतं. ही माहिती टाकाऊ नाही. ओळख, अभिमान, परदेशी गेलेल्यांची ओढ यांचा अभ्यास करणाऱ्याला ती सोन्यासारखी आहे. फक्त तिला भावनेचं माप म्हणू नका.

दुसरा प्रश्न: ‘वंदे मातरम्’ म्हणजे नेमकं कोणतं गाणं? बंकिमचंद्रांचे शब्द एक, चाली अनेक. मास्तर कृष्णरावांनी ते राष्ट्रगीत व्हावं म्हणून धडपड केली, त्याला चाल बांधली. १९५२ च्या ‘आनंदमठ’ चित्रपटात हेमंतकुमारांच्या चालीवर लताबाईंनी ते गायलं. १९९७ मध्ये ए. आर. रहमान यांचा याच नावाचा अल्बम आला, त्याची भाषा आणि बाज निराळाच. मत देणाऱ्याला काय भिडलं? शब्द, चाल, आवाज की शाळेतली सकाळ? विश्लेषणाचं एकक ठरवलं नाही, तर पुढची सगळी आकडेमोड वाळूवर उभी राहते.

तिसरा मुद्दा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ‘भिडणं’ म्हणजे काय? मराठीत स्फुरण चढतं, गहिवरून येतं, अंगावर काटा येतो, ऊर भरून येतो. या चार वेगळ्या गोष्टी आहेत. १७९२ मध्ये युद्धासाठी रचलेलं फ्रान्सचं ‘ला मार्सेयेज’ पाय उचलायला लावतं. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीत लताबाईंनी पहिल्यांदा गायलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगों’ संथ आहे. चीनबरोबरच्या युद्धात गेलेल्या जवानांचा तो शोक आहे. या दोघांना एकाच पाच गुणांच्या पट्टीवर बसवून ‘कोणतं जास्त?’ विचारलं, तर उत्तर मिळेल, पण त्याला अर्थ राहणार नाही.

‘मग लोकांचं वागणंच मोजू, कोण उभं राहतं ते बघू,’ असं कोणी म्हणेल. महाराष्ट्रात २००३ पासून चित्रपटगृहांत राष्ट्रगीत वाजतं. ३० नोव्हेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने ते देशभर सक्तीचं केलं आणि जानेवारी २०१८ मध्ये ती सक्ती काढली. नियमामुळे, शेजाऱ्याच्या भीतीने आणि मनापासून उभं राहिलेली माणसं बाहेरून सारखीच दिसतात. २०१६ मध्येच पणजीच्या एका मल्टिप्लेक्समध्ये राष्ट्रगीताला उभं न राहिल्याबद्दल एका प्रेक्षकाला मारहाण झाली. तो प्रेक्षक व्हीलचेअर वापरणारा होता. चुकीचं माप फक्त प्रबंध बिघडवत नाही, कधी ते माणसाच्या अंगावरही येतं.

मग विषय सोडायचा का? अजिबात नाही. शीर्षकातलं ‘सर्वांत जास्त’ तेवढं सोडा. त्याऐवजी विचारा: कोणत्या पिढीला, कोणत्या प्रसंगी, कोणत्या चालीत ऐकल्यावर, कोणती भावना जागी होते? दोन गाणी घ्या, एक गाव घ्या, पन्नास माणसांशी नीट बोला. ‘काटा आला का?’ असं विचारू नका. ‘हे गाणं पहिल्यांदा कुठे ऐकलं?’ असं विचारा आणि गप्प बसून ऐका.

गाईड म्हणतील, विषय लहान झाला. होऊ द्या. व्हायवाला ‘हे कसं मोजलं?’ हा प्रश्न येतोच, आणि लहान विषयाकडे त्याचं उत्तर असतं.