कायद्याचं घड्याळ आणि बाईची रात्र



परवा अभ्यासवर्गात एका पोराने सरळ विचारलं, "झोपलेल्या नवऱ्याला मारलं, ते स्वसंरक्षण कसं? तो काय झोपेत हल्ला करत होता?" सगळे हसले. मीही हसलो. मागे बसलेल्या दोन बाया मात्र हसल्या नाहीत. ते डोक्यातून जाईना, म्हणून हे टिपण.

आपण कथा-कविता सोलून काढतो. कोणाच्या बाजूने लिहिलंय, कोणाला गप्प केलंय, हे विचारतो. कायद्याचं पुस्तक आलं की हात जोडतो. अरे, कायदा हाही मजकूरच. तोही कोणाच्या तरी अंगाचं माप घेऊन शिवलाय.

खाजगी बचावाचा हक्क 1860 च्या दंडसंहितेत कलम 96 ते 106 मध्ये होता. 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आलाय. आकडे बदलले, माप तेच. जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो. पण भीती आहे तोवरच. गरजेपुरताच. आणि सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हक्क नाही.

हे चित्र बघा. बांधावर दोन गडी समोरासमोर, दोघांच्या हातात काठ्या. तिथं हा कायदा बरोबर बसतो. खोलीत काय होतं? तो जागा असताना तिने हात उगारला तर तीच मरणार. तो झोपला की कायदा म्हणतो, आता धोका संपला. तिला माहीत असतं, धोका झोपलाय, संपला नाही. दहा वर्षांची मारहाण कायद्याचं घड्याळ शेवटच्या मिनिटात मोजतं.

दुसरी गोम. बलात्काराच्या इराद्याने हल्ला झाला तरी जीव घेण्यापर्यंत हक्क आहे. पण बायको 18 वर्षांच्या वर असेल, तर नवऱ्याची जबरदस्ती कलम 63 च्या अपवादाने बलात्कार ठरतच नाही. म्हणजे परक्यापुढे हक्क आहे, घरच्यापुढे तेच दार बंद.

मग उरतं ते गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभाचं कलम. ते लागलं तर खुनाचा सदोष मनुष्यवध होतो. नानावटी खटल्यात 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, डोकं थंड व्हायला वेळ मिळाला तर ही सवलत नाही. मात्र मेलेल्याच्या आधीच्या वागण्याने तयार झालेली मनःस्थिती लक्षात घेता येते, हेही त्याच निकालात आहे. ही फट लहान आहे, पण आहे. 2013 साली गुवाहाटी उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या एका बाईची खुनाची शिक्षा टिकवली नाही, तिची मनोवस्था विचारात घेतली.

इंग्लंडातली किरणजीत अहलुवालिया आठवा. दहा वर्षांच्या छळानंतर 1989 साली तिने झोपलेल्या नवऱ्याला पेटवलं. जन्मठेप झाली. साउथॉल ब्लॅक सिस्टर्सच्या बाया रस्त्यावर उतरल्या. 1992 साली ती सुटली. पण कशावर? तिची मानसिक अवस्था ढळली होती, या मुद्द्यावर. तिची भीती वाजवी होती असं कोर्ट म्हणालं नाही. बाईला शहाणी म्हणण्यापेक्षा आजारी म्हणणं कायद्याला सोपं जातं. पुढे 2009 च्या कायद्याने तिथं ताबा अचानकच सुटला पाहिजे ही अट काढली. आपल्याकडे 'आकस्मिक' हा शब्द अजून तसाच आहे.

कायद्याला एवढं बोललो, आता आपलं. बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'मध्ये सुनेच्या पायात घातलेला लाकडी खोडा लिहिला. लिखाण मात्र त्यांना नवऱ्यापासून वर्षानुवर्षं लपवावं लागलं. आपल्या कवितेत मार खाणारी आई थोर असते. तिने हात उगारला की आपली लेखणी अडखळते. वस्तीत म्हणतो, "घरातलं भांडण चव्हाट्यावर कशाला? लोक आपल्यालाच हसतील." चौकीवर गेलेल्या आपल्या बाईला आधी जात विचारली जाते, हे आपल्याला माहीत असतं. तरी कायदा म्हणतो, धाव घ्यायला वेळ होता. आणि तिच्याबरोबर चौकीपर्यंत आपणही जात नाही.

1942 साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं, बायकोने नवऱ्याची मैत्रीण व्हावं, बरोबरीची व्हावं, गुलाम होऊ नये. त्यांचा फोटो भिंतीवर आणि त्याच भिंतीवर बायकोचं डोकं, हे चालायचं नाही.

मी मारा असं सांगत नाही. मारायची वेळ यायच्या आधीची दहा वर्षं आपली आहेत. जखमेची नोंद दवाखान्यात करवा, 2005 च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, तारखा लिहून ठेवा. उद्या कोर्टात भीती वाजवी होती हे त्याच कागदांवर ठरेल.

आणि पुढच्या वर्गात मागच्या त्या दोघींना पुढे बसवा. प्रश्न त्यांना विचारू द्या.