हिरकणी, धाराऊ आणि माझा फ्रीजर

माझ्या फ्रीजरच्या वरच्या कप्प्यात सध्या दुधाच्या अकरा पिशव्या आहेत. बाळंतपणाची रजा संपवून ऐरोलीच्या ऑफिसात परत गेल्यापासून मी रोज पंपाने दूध काढते आणि मुलीला लागतं त्यापेक्षा ते जास्त निघतं. आई म्हणते, मोरीत ओतू नकोस, झाडाच्या मुळाशी घाल. एक मैत्रीण म्हणाली, परदेशात विकतात म्हणे, बघ तरी. या दोन सल्ल्यांच्या मधे असताना एका रात्री ‘हिरकणी’ पुन्हा पाहिला.

प्रसाद ओकचा हा सिनेमा २०१९चा. सोनाली कुलकर्णीची हिरकणी मनापासून आवडते, कडा उतरताना पोटात गोळा येतो, हे कबूल. पण या वेळी मला गोष्टीतली एक साधी गंमत खटकली. हिरकणी रायगडावर जाते ती दूध विकायला. कोजागिरीला दरवाजे बंद होतात आणि ती कडा उतरते ती दूध पाजायला. गाईम्हशीच्या दुधाला बाजार आहे, तिच्या स्वतःच्या दुधाला फक्त एकच धनी आहे, तिचं बाळ. सगळी गोष्ट या फरकावर उभी आहे, पण सिनेमा तिथे क्षणभरही थांबत नाही. त्याला आईचं धाडस दाखवायचंय, दूध हे फक्त निमित्त.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. हिरकणीला कड्यावरून वाट सापडते. महाराज तिचा सन्मान करतात आणि त्या जागी बुरूज बांधून घेतात. आमच्या भाषेत सांगायचं तर सिस्टिममधली फट सापडली, पॅच टाकला, सापडवणारीला बग बाउंटी दिली. तान्ह्या मुलाची आई संध्याकाळी गडावर अडकली तर काय करायचं, हा नियम मात्र होता तसाच राहिला. म्हणून एसटी स्टँडवर किंवा ऑफिसात ‘हिरकणी कक्ष’ अशी पाटी दिसली की मला थोडं अवघडल्यासारखं होतं. खुर्ची, पडदा आणि प्लगपॉइंट यांना कडा उतरणाऱ्या बाईचं नाव कशाला? ती साधी सोय आहे. तिथे पराक्रम करावा लागू नये, यासाठीच तर ती असते.

आपल्याकडे दुसरीही एक गोष्ट आहे आणि तिच्यावर सिनेमा नाही. १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. सईबाईंची प्रकृती ढासळली, तेव्हा गडाजवळच्या कापूरहोळच्या गाडे घराण्यातली धाराऊ त्यांची दूधआई झाली. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’त ती जिव्हाळ्याने येते, पण येते ती शंभूराजांच्या गोष्टीतलं एक माणूस म्हणून. तिच्या स्वतःच्या मुलांच्या वाट्याचं दूध कुठे गेलं, हा प्रश्न आपण कधी विचारलेला नाही. तरी धाराऊला नाव मिळालं, नातं मिळालं, मुलांना पुढे चाकरी मिळाली.

तेही न मिळालेली बाई महाश्वेतादेवींच्या ‘स्तनदायिनी’त आहे. हालदारांच्या मोटारीखाली नवऱ्याचे पाय जातात आणि जशोदा त्याच हालदारांच्या घरी मुलांना पाजायच्या कामाला लागते. अंगावर दूध राहावं म्हणून स्वतः बाळंत होत राहते. शेवटी स्तनाच्या कॅन्सरने मरते, तेव्हा तिच्या दुधावर वाढलेल्यांपैकी कुणीही जवळ नसतं. या कथेत आईपणाला पगार लागतो आणि पगार थांबला की आईपणही संपतं. मैत्रिणीच्या सल्ल्याला याहून चांगलं उत्तर मला सापडलं नाही. आणि ही फक्त गोष्टीतली भीती नाही. अमेरिकेतली अँब्रोशिया लॅब्ज ही कंपनी कंबोडियातल्या गरीब बायकांकडून दूध विकत घेऊन अमेरिकेत विकायची. २०१७ साली कंबोडियाच्या सरकारने ही निर्यात बंद केली. आपल्याकडे मे २०२४मध्ये एफएसएसएआयने स्पष्ट सांगितलं की आईच्या दुधावर प्रक्रिया करून ते विकायला परवानगी नाही.

मग विकायचं नाही आणि टाकायचंही नाही. याचं उत्तर माझ्या घरापासून फार लांब नाही. सायनच्या लोकमान्य टिळक हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मिल्क बँक सुरू केली, आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांची, कमी वजनाची बाळं एनआयसीयूत असतात, त्यांच्या आयांना पान्हा फुटलेला नसतो किंवा त्या स्वतःच आजारी असतात. अशा बाळांसाठी हे दूध. दूध देणाऱ्या आईची एचआयव्ही, हेपॅटायटिस-बी वगैरे तपासणी होते. मग दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, थंड करून, उणे २० अंशांवर ठेवतात. अनेकदा कित्येक जणींचं दूध एकत्र केलेलं असतं. निधी परमार हिरानंदानी या निर्मातीने २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मुंबईतल्या एका हॉस्पिटलला ४० लिटरहून जास्त दूध दिलं, तेव्हा त्याची बातमी झाली. एरवी देणाऱ्या बहुतेक जणींची नावं कुणाला कळत नाहीत.

मला वाटतं, याची गोष्ट अजून मराठीत लिहिली न जाण्याचं कारण हेच आहे. हिरकणीला एक बाळ होतं, धाराऊला एक राजपुत्र, जशोदाला एक घर. इथे कोणाचं दूध कोणाच्या पोटात गेलं हे कधीच कळणार नाही. कडा नाही, राजा नाही, कृतघ्न मालकीणही नाही. आहे ती एक बाटली, तिच्यावरचा बॅच नंबर आणि एक किलोचं बाळ, जे उद्या कदाचित जरा मोठ्याने रडेल. आपल्या कथा-सिनेमांना चेहऱ्याशिवाय माया दाखवता येत नाही, आणि ही माया तर बिनचेहऱ्याचीच आहे. तरी कुणी हे लिहायला घेतलंच, तर त्या बाईला देवी करू नये, एवढंच मागणं. तिला ऑफिसात वीस मिनिटं आणि एक प्लगपॉइंट लागतो, हे मात्र लिहावं.

मी फोन केला होता. आधी माझे रक्ताचे रिपोर्ट बघतील, मग पिशव्यांवरच्या तारखा. शनिवारी रिपोर्ट येतील. तोवर आईस्क्रीमचा डबा खालच्या कप्प्यात हलवलाय.