पुनरावृत्तीचे ओझे : राजकीय सदरलेखन, कंटाळा आणि राजधानी दिल्ली

१. प्रश्नाचे स्वरूप

राजकीय लेखनाचा विचार मराठी समीक्षेत बहुधा भूमिका, भाषाशैली आणि प्रभाव या तीन अंगांनी होत आला आहे. लेखक कोणत्या पक्षाचा, त्याची लेखणी किती धारदार, त्याने जनमत कितपत घडविले, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. या लेखनाचे एक मूलभूत लक्षण मात्र सहसा दुर्लक्षित राहिले. ते म्हणजे त्याची नियतता. कवीला कविता सुचेपर्यंत थांबता येते. अग्रलेखकाला किंवा सदरलेखकाला ती सवलत नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या शब्दसंख्येत, सुचो न सुचो, त्याला राजकारणाविषयी लिहावेच लागते. राजकारण तर स्वभावतःच पुनरावृत्त असते. पक्षांतर, मंत्रिमंडळ-विस्तार, चौकशी आयोग, निवडणूक, आश्वासन हे सारे नावे बदलून परत येते. काही वर्षांनी लेखकाला आपलाच जुना लेख पुन्हा लिहीत असल्याचा भास होऊ लागतो.

या अवस्थेला मराठीत ‘कंटाळा’ म्हणतात आणि तो अधिक खोल गेला की ‘उबग’. हिंदीतील ‘ऊब’ आणि मराठीतील ‘उबग’ या दोन्ही शब्दांचे नाते ‘उद्वेगा’शी जोडले जाते. मराठीतील ‘ऊब’ मात्र अगदी उलट दिशेचा शब्द आहे. तो उष्णतेचा आणि मायेचा वाचक आहे. एकाच ध्वनिरूपाने दोन शेजारी भाषांत कंटाळा आणि माया असे दोन अर्थ वाहावेत, हा भाषिक योगायोग आहे. पण प्रस्तुत विवेचनाला तो उपयोगी पडतो, कारण येथे ज्या लेखकांचा विचार करावयाचा आहे त्यांच्यापुढील पेच नेमका हाच होता : ज्या विषयाचा उबग आला त्याविषयीची ऊब टिकवायची कशी?

राजधानी दिल्ली ही या पेचाची स्वाभाविक भूमी होय. राजकारणाची सर्वाधिक बातमी तेथून येते, म्हणून पुनरावृत्तीचा ताणही तेथेच सर्वाधिक असतो.

२. ‘राजधानीतून’ आणि ‘परदेस’

दिल्लीतून मुंबईच्या नियतकालिकांसाठी झालेल्या लेखनाची दोन शीर्षके शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत. ‘महाराष्ट्र टाइम्स’चे दिल्ली प्रतिनिधी अशोक जैन यांच्या लेखनाचे शीर्षक ‘राजधानीतून’ असे होते. हिंदी कवी व पत्रकार रघुवीर सहाय यांनी साठच्या दशकाच्या प्रारंभी मुंबईहून निघणाऱ्या ‘धर्मयुग’ साप्ताहिकात ‘सुंदरलाल’ या टोपणनावाने ‘दिल्ली की डायरी’ हे सदर लिहिले. पुढे १९७६ मध्ये त्याचे पुस्तक झाले आणि त्याला नाव मिळाले ‘दिल्ली मेरा परदेस’.

‘राजधानीतून’ या शब्दातील ‘-तून’ हा प्रत्यय बातमीची दिशा सांगतो. लेखक केंद्रात उभा आहे आणि तेथून काहीतरी घराकडे पाठवीत आहे. वाचक मुंबईत, पुण्यात, कोल्हापुरात बसून त्याची वाट पाहत आहे. या रचनेत लेखनाची प्रेरणा अंतरातून येते. जे दूरच्या वाचकाला दिसत नाही ते दाखविण्याचे प्रयोजन लेखकाला पुरते. परंतु या प्रयोजनाची एक मर्यादा आहे. दूरचा वाचक जसजसा अन्य मार्गांनी माहितगार होत जातो तसतसे ते झिजत जाते. दूरचित्रवाणीवर चोवीस तास दिल्ली दिसू लागल्यावर ‘तून’ या प्रत्ययाचे बळ ओसरले, आणि राजधानीच्या वार्तापत्राचा एकूण साहित्यप्रकारच त्यामुळे क्षीण झाला.

‘परदेस’ या शब्दाची रचना वेगळी आहे. लखनऊहून आलेल्या सहाय यांना दिल्ली परकी वाटावी यात नवल नाही. नवल असे की वर्षानुवर्षे तेथे राहून, तेथेच नोकरी करून, त्यांनी ते परकेपण शीर्षकात जपले. परक्या देशात माणूस रोजच्या गोष्टींकडेही नवख्या नजरेने पाहतो. बसची रांग, सभागृहातील भाषण, सरकारी समारंभ यांची सवय झाली नाही तर त्यांचा कंटाळाही येत नाही. येथे प्रेरणा वाचकापासूनच्या अंतरातून येत नाही, ती लेखक आणि त्याचा विषय यांच्यातील अंतरातून येते. हे अंतर माहितीच्या वाढीने झिजत नाही. ते राखणे ही लेखकाची स्वतःची जबाबदारी असते, आणि म्हणूनच ते अधिक टिकाऊ ठरते.

३. विषयांतराचा मार्ग

कंटाळ्यावरचा सर्वांत जुना मराठी उपाय म्हणजे समांतर व्यासंग. ‘केसरी’चे राजकीय लेखन चालू असताना लोकमान्य टिळक वेदकालनिर्णयात आणि ज्योतिर्गणितात रमत असत. १८९३ चा ‘ओरायन’ आणि १९०३ चा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ ही त्याची फळे होत. ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले, म्हणजे नियतकालिकाची सक्ती सुटल्यावर. या परंपरेचे आधुनिक रूप गोविंद तळवलकर यांच्यात दिसते. १९६८ ते १९९६ या काळात ‘महाराष्ट्र टाइम्स’चे संपादकपद सांभाळताना त्यांनी अग्रलेखांच्या जोडीने ग्रंथांविषयी सातत्याने लिहिले. ‘वाचता वाचता’ हे त्याचे सर्वपरिचित फलित. इतिहास आणि चरित्रे यांच्या वाचनाने त्यांच्या अग्रलेखाला कालाचे परिमाण दिले. आजचे पक्षांतर हे आजचेच न राहता सत्तेच्या दीर्घ इतिहासातील एक उदाहरण ठरले.

या मार्गाचे लाभ स्पष्ट आहेत, तसा त्याचा धोकाही स्पष्ट आहे. इतिहासात सर्वच घटनांना पूर्वोदाहरण सापडते. पूर्वोदाहरण सापडले की लेखकाला उंची येते, पण घटनेची तातडी कमी होते. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या दृष्टीने तो पहिलाच असतो, त्याला पूर्वोदाहरणाचा दिलासा नसतो.

दिल्लीतील ‘जनसत्ता’ या दैनिकाचे संस्थापक-संपादक प्रभाष जोशी यांनी या मार्गाला वेगळे वळण दिले. १९९२ पासून त्यांनी ‘कागद कारे’ हे साप्ताहिक सदर लिहिले आणि त्यात राजकारणाइतकीच जागा क्रिकेटला, कुमार गंधर्वांच्या गाण्याला आणि माळव्याच्या बोलीला दिली. नोव्हेंबर २००९ मध्ये हैदराबादच्या सामन्यात सचिन तेंडुलकरची १७५ धावांची खेळी आणि भारताचा निसटता पराभव पाहिल्यानंतर त्याच रात्री त्यांचे निधन झाले. विषयांतर हे त्यांच्यासाठी विरंगुळा नव्हते, जगण्याचा भाग होते, हे या तपशिलावरून कळते. तरीही एक निरीक्षण नोंदविले पाहिजे. या सदरलेखनाचे खरे बळ त्याच्या वैविध्यात सापडत नाही, जेथे लेखक हट्टाने एकाच विषयाकडे परततो तेथे ते सापडते. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर त्यांनी हिंदू असण्याच्या अर्थाविषयी पुन्हा पुन्हा लिहिले. २००९ च्या लोकसभा निवडणुकीनंतर पैसे घेऊन छापल्या जाणाऱ्या बातम्यांविरुद्ध त्यांनी वयाच्या सत्तरीनंतर मोहीम चालविली. ज्याला पुनरावृत्तीचा जाच होत असेल असा लेखक असे करीत नाही. पुनरावृत्ती येथे ओझे राहिलेली नाही, ती लेखनाची पद्धत झाली आहे.

४. तीन प्रकारचे हसू

कंटाळ्यावरचा दुसरा उपाय म्हणजे स्वरांतर, विशेषतः विनोद. अशोक जैन यांनी ‘कानोकानी’ या सदरातून राजकीय व्यक्तींची खुसखुशीत थट्टा केली. गंभीर वार्तापत्र आणि हलकीफुलकी थट्टा एकाच लेखणीतून आलटून पालटून उतरल्याने लेखक आणि वाचक दोघांनाही मोकळा श्वास मिळाला. हे सुटकेचे हसू होय. त्याचे मोल कमी नाही. पण थट्टेचा विषय झालेला पुढारी वाचकाला आपलासा वाटू लागतो, हेही खरे. घरगुती झालेल्या सत्तेवर रागावणे अवघड जाते.

दुसरे हसू रघुवीर सहाय यांच्या १९७५ च्या ‘हँसो हँसो जल्दी हँसो’ या संग्रहाच्या नावातच आहे. हे पाळत असलेल्या समाजातील सक्तीचे हसू आहे. कोण हसतो, किती हसतो, का हसतो याची कोणीतरी नोंद घेत आहे, ही जाणीव त्यामागे आहे. ‘दिनमान’सारख्या राजकीय साप्ताहिकाचे संपादन करणाऱ्या माणसाला हसण्याचा हा दुसरा अर्थ दिसला, हे महत्त्वाचे आहे.

तिसरे हसू मराठी आहे. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला, विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला. त्यातील पत्रकार दिगू टिपणीस सत्तेच्या सर्व हालचाली जवळून पाहतो. अखेरीस सारा खेळ पुन्हा पहिल्या जागी येऊन थांबल्याचे कळते तेव्हा तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. निळू फुले यांनी साकारलेला तो क्षण मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात आहे. राजकारणाला वीट आलेल्या वार्ताहराचे इतके नेमके चित्र क्वचितच कोठे आढळेल. दिगूला माहितीची कमतरता नाही, बुद्धीचीही नाही. त्याच्यापाशी नाही तो केवळ असा कोणी, ज्याच्यासाठी हे सारे सांगायचे. स्वतः साधू यांनी पत्रकारितेतील अनुभव कादंबरीत ओतला आणि दिगूसारखे पात्र निर्माण केले. लेखकाला रूप सापडले, पात्राला सापडले नाही. दोघांतील फरक तेवढाच आहे, पण तो निर्णायक आहे.

५. आश्चर्याचा लोप

सहाय यांची ‘रामदास’ ही कविता येथे विचारात घ्यावी लागते. रामदासची हत्या होणार हे त्याला आधीच सांगितले गेले आहे आणि इतरांनाही ते ठाऊक आहे. भर रस्त्यात, लोकांच्या देखत ती होते. त्यानंतर लोक बोलावतात ते ज्यांना ही हत्या होईल की नाही याची शंका होती त्यांना. कवितेतील भय हत्येइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, कोणालाही आश्चर्य न वाटण्यात आहे.

आश्चर्याचा लोप हेच सदरलेखकाच्या कंटाळ्याचेही लक्षण असते. ‘हे होणारच होते’ हे वाक्य अनुभवी वार्ताहर अभिमानाने उच्चारतो. सहाय यांच्या कवितेत तेच वाक्य जमावाचे आहे आणि ते त्याला अपराधात सहभागी करून घेते. कंटाळा ही लेखकाची खाजगी मनःस्थिती नसून एक सामाजिक वस्तुस्थिती आहे, आणि सत्तेला ती सोयीची असते, असा निष्कर्ष त्यातून निघतो. ज्या गोष्टीचा सर्वांना कंटाळा आला ती बिनबोभाट चालू राहते. सहाय यांनी कंटाळ्यापासून पळ काढला नाही, त्यालाच आशय केले. अर्थात हा मार्ग कवितेला जितका खुला आहे तितका मुदतीच्या ओझ्याखाली लिहिणाऱ्या गद्याला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

६. कंटाळण्याचा अधिकार

येथवरच्या विवेचनात एक गृहीतक दडले आहे : लेखकाला कंटाळण्याची मुभा असते. ते तपासण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ‘बहिष्कृत भारत’कडे वळावे लागते. महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी, हे पाक्षिक सुरू झाले आणि १९२९ अखेर बंद पडले. अंकाचे रकाने संपादकाला एकट्यानेच भरावे लागत. पैशाची ओढाताण होती, वर्गणीदार अपुरे होते. १९२८ मधील ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या लेखात या परिस्थितीचे दर्शन घडते. पाणी, मंदिर, शिक्षण, प्रतिनिधित्व हे विषय त्या अंकांत परत परत येतात. ते परत येतात कारण अन्याय परत परत होतो. तक्रार पुन्हा केल्याबद्दल तक्रारदाराला दोष देता येत नाही.

पुढे दिल्लीत मंत्रिपदाच्या काळात आणि त्यानंतर अलीपूर रोडवरील निवासात राहूनही आंबेडकरांचा नियतकालिकांशी असलेला संबंध तुटला नाही. ‘जनता’चे १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ झाले. ‘मूकनायक’पासून मोजले तर छत्तीस वर्षांचा हा पट आहे. मध्ये खंड पडले, पत्रे बंद झाली, नावे बदलली, पण प्रयोजन झिजले नाही. त्याचे कारण स्वभावातील चिकाटी एवढेच देऊन भागत नाही. या लेखनाचा वाचक ठरलेला होता आणि त्याची गरज अपुरी राहिली होती, हे त्याचे खरे कारण होय.

७. उपसंहार

नियत राजकीय लेखनातील कंटाळ्यावर व्यासंग, विनोद आणि रूपांतर असे तीन उपाय मराठी-हिंदी परंपरेत दिसतात. तिन्ही लेखकाला तारतात, पण प्रत्येकाची किंमत आहे. व्यासंगाने तातडी मंदावते, विनोदाने राग बोथट होतो आणि रूपांतराने लेखक वृत्तपत्राच्या चौकटीबाहेर जातो. या तिन्हींच्या मुळाशी असलेला प्रश्न ‘लेखकाला पुन्हा उत्साह कसा यावा’ असा मांडला की तो मानसशास्त्राचा होतो. ‘लेखन कोणासाठी चालू आहे’ असा मांडला तर तो साहित्याचा होतो. दिगू टिपणीसला पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, कारण दुसरा त्याला कोणी विचारलेलाच नाही. ‘बहिष्कृत भारत’च्या संपादकाला दुसऱ्याचे उत्तर आरंभापासून ठाऊक होते, म्हणून पहिला विचारण्याची वेळ त्याच्यावर आली नाही. सदरलेखनाच्या समीक्षेने यापुढे लेखकाच्या भूमिकेबरोबर त्याच्या पुनरावृत्तीचीही नोंद ठेवावी. तो कोणत्या विषयाकडे परततो आणि कोणाच्या वतीने परततो, यावरून त्या लेखनाचे आयुष्य अधिक खात्रीने ठरविता येईल.